मापाच्या वहीतले १५०

पायडलवरचा पाय काढला तरी मोटर थांबेना. आधी वाटलं मशीनच बिघडली. मग लक्षात आलं, मशीन केव्हाच गप्प झालीय, चालू आहे ते माझ्या छातीत.

२०२२ सालचा श्रावण. कराडला आमच्या पुढच्या खोलीत गौरी-गणपतीच्या ब्लाऊजांचा ढीग पडलेला, वय सहासष्ट, आणि बीपीची गोळी गेली बारा वर्षं चालू. तसं हे पहिल्यांदा होत नव्हतं. संक्रांतीपासून महिन्या-दीड महिन्यानं असा झटका यायचा. कधी अर्धा तास, कधी दोन-तीन तास. धाप लागायची, हातपाय गळून जायचे, मानेत काहीतरी फडफडायचं. मग जसं अचानक यायचं तसं अचानक जायचं.

नेहमीच्या डॉक्टरांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी विचारलं, "घरात काही टेन्शन?" घरात टेन्शन कुणाला नसतं? थायरॉईडची तपासणी झाली, ती नॉर्मल. ईसीजी दोनदा काढला, तोही नॉर्मल, कारण रिक्षा मिळून दवाखान्यात पोचेपर्यंत धडधड थांबलेली असायची. मग छातीला चिकटपट्ट्या लावून चोवीस तासांचं हॉल्टर यंत्र कमरेला बांधलं. पाहुणे आले की पोर जसं शहाण्यासारखं बसतं, तसं माझं हृदय तो अख्खा दिवस बसून राहिलं. मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही. धडधड नसताना काढलेल्या कागदावर धडधड दिसणार कुठून? पण "मनाचे खेळ आहेत" हे वाक्य मात्र मला लागलं. साठी उलटलेल्या बाईला ते जरा पटकनच ऐकवलं जातं.

कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात पडून होता. एका झटक्यात तो बोटाला लावला. ऑक्सिजन ९७, त्याच्याखाली नाडी १५०. ब्लाऊजांची मापं लिहायची वही हाताशीच होती, तिच्या मागच्या पानावर टिपून ठेवलं. पुढच्या वेळी पुन्हा. असं करत तीन झटक्यांचे आकडे जमले:

बसून १५०. जिना चढून आल्यावर १५१. आडवं पडून १४९. पाणी पिऊन, देवाचं नाव घेऊन, १५०.

मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण खटकत होतं. भीतीनं छाती धडधडते ती मला माहीत आहे. मुलाचा अपघात झाल्याचा फोन आला होता तेव्हा धडधडली होती. ती हळूहळू चढते, बसलं-टेकलं की हळूहळू उतरते. ही बटण दाबल्यासारखी लागायची, आणि जिना चढा नाहीतर पडून राहा, आकडा काही हलायचा नाही. माणसाचं माप सकाळ-संध्याकाळ अर्धा इंच तरी इकडे-तिकडे होतं. हे कसलं माप?

श्रावणातला झटका चार तास झाले तरी थांबेना, तेव्हा मुलानं गाडीत घातलं आणि सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नेलं. ड्युटीवरचा डॉक्टर माझ्या नातवापेक्षा फार तर सात-आठ वर्षांनी मोठा असेल. त्यानं ईसीजी काढला, कागदाकडे बघत राहिला. मी पिशवीतून वही काढून दिली.

"काकू, हे लिहून ठेवायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मापं लिहायची सवय आहे."

त्यानं पान दोनदा वाचलं. म्हणाला, "दीडशेलाच अडकलंय. मला एक शंका आहे, ती बघू या."

आधी एक रिकामी सिरिंज तोंडात दिली. दट्ट्या सरकेल इतक्या जोरानं पंधरा सेकंद फुंकायचं, आणि फुंकून झालं की लगेच मला आडवं करून दोघांनी पाय वर उचलून धरले. काही प्रकारची धडधड एवढ्यानंच थांबते म्हणे. माझी १५० वरून ढळली नाही. मग त्यानं ॲडिनोसिनचं इंजेक्शन भरलं आणि देण्याआधी नीट समोर उभं राहून सांगितलं, "काकू, दहा-पंधरा सेकंद जीव जातोय असं वाटेल. जाणार नाही. मी इथंच आहे." हे त्यानं सांगितलं नसतं तर मी आज त्याला शिव्या देत असते. इंजेक्शन गेलं, मागोमाग सलाईनचा जोराचा फवारा, आणि छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं झालं. तोंड तापलं, घसा आवळला. आणि मॉनिटरचा टिक्टिक् आवाज बंद. तेवढ्या शांततेत मला फक्त ईसीजीच्या यंत्रातून कागद सरकल्याचं ऐकू येत होतं.

मग टिक्टिक् पुन्हा सुरू झाली. नाडी परत १५०. मला वाटलं इंजेक्शन फुकट गेलं. पण तो पोरगा खुशीत होता. कागदाची पट्टी माझ्यापुढे धरून म्हणाला, "हे बघा, सापडलं. एट्रियल फ्लटर. फ्लटर म्हणजे फडफड. हे करवतीचे दाते दिसतात ना?"

मला ते करवतीचे वाटले नाहीत. ते सरळ सरळ पिकोचे टाके होते. साडीच्या काठाला मारतो तसे, एकसारखे, एकाला एक लागून. ईसीजीच्या कागदावर मोठ्या चौकटी असतात, पाच मिलिमीटरच्या. प्रत्येक चौकटीत बरोबर एक दात. कागद सेकंदाला पंचवीस मिलिमीटर सरकतो, म्हणजे सेकंदाला पाच दाते, मिनिटाला तीनशे. माझ्या हृदयाचे वरचे कप्पे मिनिटाला तीनशे वेळा फडफडत होते.

आम्ही शाळेत त्या वरच्या कप्प्यांना कर्णिका म्हणायचो आणि खालच्यांना जवनिका. नातवाच्या पुस्तकात आता अलिंद आणि निलय आहेत. नाव काहीही द्या, मधे एक नाका असतो, एव्ही नोड नावाचा. वरून आलेली प्रत्येक वीज तो खाली सोडत नाही. तीनशे आले तर साधारण एकाआड एक सोडतो, म्हणून खाली बोटाला लागतात दीडशे. नाक्याला तुम्ही जिना चढलात काय नि झोपलात काय, सहसा हिशेब तोच. इंजेक्शननं काही सेकंद तो नाका पूर्ण बंद केला, खालचे मोठे ठोके थांबले आणि त्यांच्या आड लपलेले दाते उघडे पडले. दोष नाक्यापलीकडे होता, म्हणून धडधड थांबली नाही. माझं आठ महिन्यांचं कोडं त्या वीतभर पट्टीवर सुटलं आणि मी कॉटवर पडल्या पडल्या रडले. मुलाला वाटलं दुखतंय.

पुढचं सगळं झपाट्यानं झालं. ठोके आवरायला मेटोप्रोलॉल, रक्त पातळ राहायला ॲपिक्साबान. या दुसऱ्या गोळीवरून मी हुज्जत घातली, कारण सुई टोचणं हा माझा धंदा आहे. तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी समजावलं. वरचे कप्पे नुसते फडफडतात, नीट आकुंचन पावत नाहीत, त्यामुळे डाव्या कप्प्याला कानासारखी एक पिशवी असते तिच्यात रक्त साचून गुठळी होऊ शकते. खिशाच्या कोपऱ्यात दोऱ्यांचा गुंता साचतो तशी. ती सुटून मेंदूत गेली की पक्षाघात. हा धोका मोजायचं एक कोष्टक असतं. पासष्टी उलटल्याचा एक गुण, बीपीचा एक, मधुमेह असेल तर एक, आधी पक्षाघात होऊन गेला असेल तर दोन. आणि बाई असण्याचा एक. जन्मात पहिल्यांदा बाई म्हणून मला जादा मार्क मिळाला, तोही असल्या परीक्षेत. माझे झाले तीन.

फडफड केव्हापासून चालू आहे ते नक्की सांगता येत नव्हतं, म्हणून गुठळी नाही ना हे घशातून नळी घालून सोनोग्राफीनं आधी बघितलं. पोटात काही नसताना नळी गिळणं हा वेगळाच छळ. मग थोडी भूल देऊन छातीवर शॉक दिला. मला फक्त एवढंच आठवतं की डोळे उघडले तेव्हा मॉनिटरवर ७४ होते आणि छातीवरची कातडी उन्हात भाजल्यासारखी चुरचुरत होती.

दिवाळीच्या तोंडावर झटका परत आला. फ्लटर गोळ्यांना फारसा बधत नाही, हे मला तेव्हा सांगण्यात आलं. आधी सांगितलं असतं तर चाललं असतं. मग पुण्याला हृदयाची वायरिंग बघणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो. माझ्या प्रकारात वीज उजव्या वरच्या कप्प्यात झडपेभोवती गोल गोल फिरत राहते, आणि फिरताना तिला झडप आणि खालून येणारी मोठी शीर यांच्यामधल्या एका चिंचोळ्या पट्टीतून जावंच लागतं. त्या पट्टीवर आडवी रेघ डागली की रस्ता बंद. याला ॲब्लेशन म्हणतात, आणि या प्रकारात शंभरातल्या नव्वदहून जास्त लोकांना गुण येतो. उसवू नये म्हणून आपण टीप मारतो, तशीच ती रेघ.

मी पूर्ण झोपलेली नव्हते, गुंगीत होते. उजव्या जांघेतून तीन नळ्या आत घातल्या, त्या टोचण्यापलीकडे जाणवल्या नाहीत. डागताना मात्र छातीत खोल, गरम असं दुखायचं, दात दुखल्यासारखं, फक्त भलत्या जागी. डॉक्टर म्हणायचे, "काकू, अजून दोनच ठिपके." शिंप्याच्या "उद्या देतो"इतकाच तो शब्द खरा होता, दोनाचे सात झाले. पण रेघ पूर्ण झाल्यावरही त्यांनी घाई केली नाही. पट्टीच्या दोन्ही बाजूंनी वीज सोडून पलीकडे जाते का ते तपासलं, अर्धा तास थांबले, पुन्हा तपासलं. टीप दोन्हीकडून ओढून बघणारा कारागीर मला आवडतो.

नंतर सहा तास पाय न हलवता उताणं. हे ॲब्लेशनपेक्षा अवघड गेलं, कंबर मोडून आली. डिस्चार्जला विम्याच्या मंजुरीसाठी संध्याकाळ झाली, ते रामायण इथं नको. जांघेपासून गुडघ्यापर्यंत काळं-निळं झालं होतं, ते उतरायला तीन आठवडे लागले. तोवर उजवा पाय पायडलवर नाही, म्हणजे धंदा बंद.

फडफड त्यानंतर आलेली नाही. पण चारेक महिन्यांनी एका रात्री ठोका चुकला. एक बारीकसा, मग खड्डा पडल्यासारखी शांतता, मग धाडकन एक मोठा. मी उठून बसले, ऑक्सिमीटर लावला, पहाट होईपर्यंत वही घेऊन बसले. ६८, ७१, ७०. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा वेळेआधी पडलेला एखादा जादा ठोका. त्याच्यामागून जरा लांब विराम येतो, तेवढ्यात हृदय जास्त भरतं, म्हणून पुढचा ठोका छातीवर आपटतो. एरवी हृदय निरोगी असेल तर हे बहुतेकांना कधी ना कधी होतंच. आता झाला तर मी कूस बदलते. दरवेळी नाही जमत.

रक्त पातळ करायची गोळी काही सुटली नाही. फ्लटर बरा झालेल्यांपैकी बऱ्याच जणांना पुढे एट्रियल फिब्रिलेशन होतं, म्हणजे ठोके नुसते जलद नाहीत तर पार विस्कळीत, आणि माझे तीन गुण काही पुसले गेलेले नाहीत. दर सहा महिन्यांनी मी "आता बंद करू या का?" विचारते आणि डॉक्टर वहीकडे हात करतात. सकाळी आठ, रात्री आठ. सुई बोटात गेली की रक्त पहिल्यापेक्षा जरा जास्त वेळ येतं, म्हणून मशीनच्या खणात कापूस ठेवलाय आणि गिऱ्हाइकाचं पांढरं कापड सकाळीच उरकते.

ती इंजेक्शनवेळची पट्टी मी मागून घेतली होती. त्या कागदाची छपाई उन्हानं उडते, दोन वर्षांत अर्धे दाते पुसट झाले. कोपऱ्यावरच्या दुकानात झेरॉक्स काढायला गेले तर पोरगा म्हणाला, "काकू, ही कसली डिझाईन?"