आईचा गुडघा उभा राहतो तेव्हा

आई जिना उतरते तेव्हा तिचा उजवा गुडघा करकरतो. चढताना नाही, उतरतानाच. एक्स-रे काढून आणला, तर तो टेबलावर झोपवून काढलेला! मी २२ वर्षं एक्स-रे विभागात काढलीत. फिल्म बघून कपाळावर हात मारला. अंगाचा भार पडल्याशिवाय दोन हाडांमधली फट खरी किती उरलीय ते कळत नाही. पुन्हा काढायला लावला, उभं करून. आतल्या बाजूची फट चांगलीच कमी झालेली, कडेला हाडाचे काटे वाढलेले. केलग्रेन आणि लॉरेन्स या डॉक्टरांनी सांध्याच्या झिजेसाठी १९५७ साली मांडलेल्या ० ते ४ च्या श्रेणीत ३; ४ म्हणजे सगळ्यात जास्त झीज.

"एवढं रक्त काढलं, त्यात नाही का गं सापडलं?" आईने विचारलं.

युरिक ॲसिड, आरए फॅक्टर, सीआरपी या रक्तचाचण्या सांधेदुखीचे दुसरे आजार वगळायला होत्या. झिजेची खूण रक्त-लघवीत उतरते खरी. कूर्चेतल्या, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गादीतल्या, टाइप-२ कोलॅजन या प्रथिनाचा तुकडा, सीटीएक्स-२, लघवीत मोजतात. कॉम्प नावाचं प्रथिन रक्तात. पण हे अजून मुख्यतः संशोधनातच. कॉम्प तर नुसतं चालून आल्यावरही वाढतं. शिवाय दुसरा गुडघा, मणके, बोटं, सगळ्यांचा माल त्याच रक्तात. हा उजव्या गुडघ्याचा, असा शिक्का कुठे असतो?

फिल्मचंही तसंच, दुखणं किती ते तीही सांगत नाही. शेजारच्या काकूंची फट आईपेक्षा कमी, तरी त्या रोज देवळात चालत जातात.

"मग मला तिचाच गुडघा दे," आई म्हणाली आणि कठडा धरून उतरू लागली.