अ‍ॅल्युमिनियमचा साचा बिघडला, असे म्हणण्यापूर्वी

मी राहतो त्या ओहायोत, आणि एकूणच अमेरिकेत, निशाणेबाजीचा छंद असलेली बरीच मंडळी शिशाच्या गोळ्या घरीच ओततात. स्वतःच्या वापरापुरते हे काम तिथे परवान्याशिवाय करता येते. भारतात शस्त्र अधिनियम 1959 मुळे ते परवान्याशिवाय करता येत नाही, म्हणून पुढचा मजकूर तिकडच्या संदर्भातच वाचावा. सिंगल अ‍ॅक्शन शूटिंग सोसायटीच्या स्पर्धांमध्ये तर तांब्याचे आवरण नसलेल्या शिशाच्याच गोळ्या चालतात, त्यामुळे नवे लोक या कामाकडे सतत वळत असतात. त्यांच्यापैकी बहुतेकांचा पहिला साचा अ‍ॅल्युमिनियमचा असतो, कारण तो बिडाच्या साच्यापेक्षा स्वस्त आणि हातात हलका असतो. काही दिवसांतच ‘साचा खराब निघाला’ अशी तक्रार ऐकू येते. माझ्या मते अशा तक्रारींतला साचा क्वचितच खराब असतो. दोष बहुधा उष्णतेचा, तेलाचा किंवा जोरजबरदस्तीचा असतो, आणि कोणता ते ओतलेली गोळीच सांगते.

अ‍ॅल्युमिनियम हे बिडाच्या तिप्पट किंवा त्याहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते आणि तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे हा साचा लवकर तापतो, पण मध्येच हात थांबवून गोळ्या न्याहाळत बसले की तितक्याच लवकर थंडही होतो. बिडाच्या साच्याची सवय असलेल्या माणसाला नेमका हाच चंचलपणा त्रास देतो. शिवाय हा धातू मऊ असल्याने पोलादी अवजाराचा एक ओरखडाही त्यावर कायमचा राहतो.

गोळीवर सुरकुत्या असतील तर साचा थंड आहे किंवा त्यात तेल आहे. दोन्ही दोष दिसायला सारखेच, पण फरक ओळखता येतो: साचा तापत जाईल तशा थंडीच्या सुरकुत्या नाहीशा होतात, तेलाच्या मात्र त्याच जागी पुन्हा पुन्हा उमटतात. नव्या साच्यावर कारखान्यातले कापकामाचे तेल असतेच. भांडी घासण्याचा द्रव साबण, गरम पाणी आणि जुना दातांचा ब्रश घेऊन तो घासावा आणि पूर्ण वाळवावा. शिसे 327 अंश सेल्सिअसला वितळते. मी भट्टी साधारण 370 अंशांवर ठेवतो आणि साचा आधी हॉटप्लेटवर तापवून घेतो. काही जण साच्याचा कोपरा थेट वितळलेल्या शिशात बुडवून तापवतात. ती रीत चालते, परंतु साचा हाडापर्यंत कोरडा असेल तरच, कारण वितळलेल्या शिशाखाली पाण्याचा थेंब सापडला की त्याची क्षणात वाफ होऊन शिसे उसळते आणि अंगावर येते.

उलट, गोळी धुरकट पांढुरकी दिसू लागली तर साचा जास्त तापला आहे. अँटिमनी हा दुसरा धातू मिसळलेले शिसे सावकाश गोठले की त्याचे स्फटिक पृष्ठभागावर दिसतात, इतकाच त्याचा अर्थ. अशी गोळी वापरायला हरकत नाही, फक्त ओतण्याचा वेग थोडा कमी करावा. गोळीच्या दोन्ही अंगांना पातळ पापुद्रा येत असेल तर साच्याचे दोन ठोकळे पुरते मिटत नाहीत. साचा मिटून उजेडासमोर धरला की फट दिसते, आणि बहुतेक वेळा तिच्या मुळाशी जुळणीच्या खुंटीजवळ अडकलेला शिशाचा बारीक कण असतो.

सर्वाधिक नुकसान होते ते वरच्या स्प्रू प्लेटपायी. तिच्या छिद्रांतून शिसे आत जाते आणि वर उरलेला गठ्ठा तीच फिरून कापते. गठ्ठा पुरता गोठण्याआधी प्लेट फिरवली की मऊ शिसे साच्याच्या माथ्यावर फासले जाते, पुढच्या खेपेला प्लेट त्यावर टेकून किंचित उचलली राहते, गोळीच्या बुडाला पापुद्रा येतो, आणि तरीही काम रेटले तर पोलादी प्लेट अ‍ॅल्युमिनियमवर चरे पाडते. फासलेले शिसे थंड साच्यावरून खरवडू नये. साचा तापवून, माथ्याला किंचित मेण लावून, जाड सुती फडक्याने ते पुसून काढावे. कल्हईवाला कापसाने कथील फिरवतो तसाच हा हात असतो, फक्त इथे धातू चढवायचा नसून उतरवायचा असतो. प्लेटच्या बिजागरीच्या स्क्रूला आणि जुळणीच्या खुंट्यांना कापसाच्या काडीने टू-स्ट्रोक इंजिनाच्या कृत्रिम तेलाचा निव्वळ ओशटपणा द्यावा. थेंब दिला तर ते ओघळून पोकळीत जाते आणि सुरकुत्या परत येतात. हा स्क्रू उष्णतेने ढिला पडतो, म्हणून तो अधूनमधून तपासावा: प्लेट स्वतःच्या वजनाने फिरली पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये.

गोळी पोकळीतून सुटत नसेल तर ठोकळ्यांवर काहीही आपटू नये. मुठींच्या बिजागरीच्या बोल्टवर लाकडी मोगरीने हलके ठोकावे. तरीही एकाच पोकळीत गोळी अडकत राहिली तर त्या पोकळीच्या कडेला बारीक बर, म्हणजे धातू कापताना उरलेली टोकदार कोर, असतो. तो भिंगाखाली शोधून लाकडी काडीच्या टोकाने घासून बसवावा. लॅपिंगची, म्हणजे धातू घासून गुळगुळीत करण्याची, पूड वापरण्याची घाई करू नये, कारण पोकळी एकदा मोठी झाली की ती लहान करता येत नाही. पोकळीला काजळी धरण्याचा सल्ला उत्पादकही देतात, पण मला तो फारसा पटत नाही. काजळीने बर झाकला जातो, जात नाही, आणि हवा निघून जाण्यासाठी कोरलेल्या बारीक रेषा मात्र तिने बुजतात.

ओतण्यासाठी भंगारातून आणलेल्या, गाडीच्या चाकांचा तोल साधणाऱ्या शिशाच्या वजनांत जस्ताची वजने मिसळलेली असू शकतात. जस्त 419 अंशांना वितळते, म्हणून भंगार वितळवताना तापमान त्याच्या बरेच खाली ठेवले तर ती वजने वर तरंगतात आणि उचलून टाकता येतात. जस्त मिसळलेला घाणा पोकळी नीट भरत नाही, आणि मग दोष पुन्हा साच्यावरच येतो.

अ‍ॅल्युमिनियम गंजत नसले तरी प्लेट, खुंट्या आणि स्क्रू पोलादाचे असतात. त्यामुळे साचा सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. पोकळीत तेल भरून ठेवू नये, कारण पुढच्या वेळी ते सगळे धुऊन काढावे लागते. काम हवेशीर जागीच करावे, त्या जागी काही खाऊ-पिऊ नये, हात थंड पाण्याने आणि साबणाने धुवावेत, आणि साचा घासलेला ब्रश व पुसलेली फडकी मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी वेगळी ठेवावीत.