‘खुदा की बस्ती’ : पान 240

उर्दू वाचायला शिकतोय, त्यासाठी ही कादंबरी मूळ लिपीतून वाचणं चालू आहे. मागच्या नोंदीत पान 198 होतं. आज 240. बेचाळीस पानांना सात आठवडे लागले, हसा खुशाल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : शौकत सिद्दीकींची ही उर्दू कादंबरी, 1960चा आदमजी पुरस्कार मिळालेली. पाकिस्तान टेलिव्हिजनच्या कराची केंद्राने 1969मध्ये तिच्यावर मालिका केली आणि 1974मध्ये तीच पुन्हा नव्याने उभी केली. माझ्याकडे आहे ती 1974ची, बहरोज़ सब्ज़वारी नोशाच्या भूमिकेत. अर्थात कृष्णधवल, पीटीव्हीवर रंग आले ते 1976मध्ये. काझी वाजिदचा राजा पाहण्यासाठी तरी एकदा बघाच.

या वेळी पद्धत उलटी केली. आधी वाचायचं, मग भाग पाहायचा, असा माझा नियम होता. त्यात काही तरी तपश्चर्या केल्यासारखं वाटायचं. पण उर्दूत ज़ेर-ज़बर-पेश, म्हणजे इ-अ-उ या ऱ्हस्व स्वरांच्या खुणा, सहसा कोणी छापत नाही. एक ‘वाव’ अक्षर व, ऊ, ओ, औ यांपैकी काहीही असू शकतं. परिणाम असा की कथानायकाला मी दोन आठवडे ‘नूशा’ म्हणत होतो. पडद्यावर आईने हाक मारली तेव्हा कळलं, पोराचं नाव नोशा आहे. आता आधी भाग, मग पुस्तक. कान पुढे गेला की डोळा मागोमाग येतो.

एक दुखणं मात्र कानानेही बरं होत नाही. ‘इस’ आणि ‘उस’ लिहायला अगदी सारखे. ‘हा’ की ‘तो’ हे संदर्भावरून ओळखायचं. आणि ही गोष्ट अशी की गॅरेजमधले सुटे भाग पोराने चोरले, पण चोरायला लावलं भंगारवाल्या नियाजने. कोणी काय केलं यावरच सगळं उभं, आणि सर्वनामच पुसट! त्यात माझी प्रत जुनी, कातिबाच्या म्हणजे लेखनिकाच्या हातची. 1981नंतर संगणकावर नूरी नस्तालीक हे उर्दू अक्षरवळण आलं तेव्हापासूनची छपाई एकसारखी असते. माझे कातिबसाहेब ओळीच्या शेवटी जागा संपली की शब्द एकावर एक रचतात आणि नुकते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, जिथे जागा मिळेल तिथे टाकतात.

मराठीचा आधार आहे, पण तो कधी कधी पायात येतो. ‘गुनाह’ दिसला की मी ‘गुन्हा’ वाचतो. उर्दूत ते पाप. कायद्याचा गुन्हा म्हणजे ‘जुर्म’. ‘ख़ून’ला तर मी एकदा दचकलोच. वाटलं, कोणाचा तरी मुडदा पडला, इतक्यात? नुसतं रक्त होतं, किरकोळ जखम.

(ज़े, ज़ाल, ज़ुआद, ज़ोए या एकाच उच्चाराच्या चार ‘ज़’ अक्षरांबद्दल पुढच्या वेळी. अजून राग शमलेला नाही.)

काल रात्री धाडस केलं. भाग न पाहता थेट एक पान घेतलं. अडतीस मिनिटं लागली, चार शब्द अडले. त्यातल्या एकाने छळ मांडला : अलिफ, नून, जीम, काफ, शीन, नून. ‘अनजकशन’? फारसी असेल म्हणून कोश काढला. नाही. अरबी धातू शोधला, ज-क-श. नाही. चहा करून आलो, मोठ्याने तीनदा म्हणून पाहिलं आणि चौथ्यांदा स्वतःलाच ऐकू आलं : इंजेक्शन. एकट्यानेच स्वयंपाकघरात खो खो हसलो.

मग वाक्य पहिल्यापासून वाचलं. विम्याच्या पैशांवर डोळा ठेवून नियाजने नोशाच्या आईशी निकाह लावलाय, आणि ती सुई डॉक्टर मोटो तिलाच टोचतोय. चहा तसाच राहिला.