क्लिप जोडण्याआधी त्या सारख्या करा

तीन-चार व्हिडिओ क्लिप जोडायला वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, ब्राउझर पुरतो. पण जोडल्यावर कधी आवाज ओठांच्या मागे पडतो, कधी दुसऱ्या क्लिपपासून पडदा काळा होतो. याचं मूळ बहुतेक वेळा क्लिपांतच असतं: त्या एकमेकींशी जुळत नाहीत.

नुसतं जोडायचं, तर साधन प्रत्येक फाइलमधला डेटा जसाच्या तसा एकामागे एक ठेवतं. काम काही सेकंदांत होतं आणि दर्जा तसूभरही घटत नाही. त्यासाठी कोडेक (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत), रिझोल्यूशन (चित्राची रुंदी-उंची) आणि आवाजाचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले) सगळ्या क्लिपांत एकच हवा. एकीचा कोडेक एच.२६४ आणि दुसरीचा एचईव्हीसी असेल, किंवा एकीचा आवाज ४४.१ आणि दुसरीचा ४८ किलोहर्ट्झ असेल, तर नुसतं जोडून चालत नाही. सगळं पुन्हा एन्कोड करावं, म्हणजे उलगडून नव्याने दाबून साठवावं लागतं. त्याला वेळ लागतो, दर्जाही थोडा उतरतो. म्हणून शक्य असेल तर शूटिंग एकाच फोनवर, एकाच सेटिंगवर करा. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये फॉरमॅट्सखाली ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडलं की एरवी एचईव्हीसीत होणारं रेकॉर्डिंग एच.२६४ मध्ये होतं.

आवाजच नसलेली क्लिप फार छळते. टाइमलॅप्स किंवा स्क्रीन रेकॉर्डिंग अशी असू शकते, आणि ती मध्ये आली की पुढचा सगळा आवाज सरकू शकतो. तिला आधी शांत (काहीच ऐकू न येणारा) ऑडिओ ट्रॅक जोडून घ्या.

क्लिपांना ०१, ०२ अशी नावं द्या. नुसतं १, २ लिहिलंत तर १० नंबरची क्लिप २ च्या आधी येऊन बसू शकते.

काही साइट क्लिप सर्व्हरवर पाठवतात, काही ब्राउझरमध्येच काम उरकतात. घरगुती व्हिडिओ असेल तर हे तपासाच: एक छोटी जोडणी करून पाहा, मग इंटरनेट बंद करून तीच पुन्हा करा. झाली, तर फाइल तुमच्याच यंत्रावर आहे. मात्र अशा साधनांना क्लिपा आणि तयार होणारा व्हिडिओ बहुधा मेमरीतच मावावा लागतो, आणि ती ज्यावर चालतात त्या ३२-बिट वेबअसेम्बलीची (ब्राउझरमध्ये जड प्रोग्राम चालवण्याची सोय) मेमरीची कमाल हद्द ४ जीबी आहे. मोठ्या क्लिपांना टॅब मध्येच कोसळतो. तेव्हा दोन-दोन क्लिप जोडत बसण्यापेक्षा संगणकावरचं सॉफ्टवेअर घ्या.

तयार व्हिडिओ प्रत्येक सांध्याच्या ५ सेकंद आधीपासून पाहा, आणि शेवटचं मिनिट कान देऊन ऐका. आवाजाची घसरण साठत जाते, ती तिथेच पकडीत येते. तोवर मूळ क्लिप पुसू नका.