गणेशोत्सवातली जॉन केड यांची संध्याकाळ

इंदूरच्या आमच्या मंडळात गणेशोत्सवातली एक संध्याकाळ वैद्यकासाठी राखलेली असायची. आरती आटोपली की सतरंज्यांवर माणसं दाटीवाटीनं बसत, मागच्या अंगणातून भुट्ट्याच्या किसाचा वास येई आणि व्याख्यान सुरू होई. उन्मादावर, म्हणजे मन बेफाम उत्तेजित होण्याच्या आजारावर, लिथियम या धातूच्या क्षारांचं औषध शोधणारे ऑस्ट्रेलियन मनोविकारतज्ज्ञ जॉन केड यांच्यावरचं व्याख्यान त्यांत सर्वांत आवडतं.

जन्म १९१२चा, वडीलही मनोरुग्णालयात डॉक्टर, दुसऱ्या महायुद्धात तीन वर्षांहून अधिक काळ सिंगापूरमधल्या चांगीच्या जपानी छावणीत कैद. एवढं भराभर सांगून वक्ते मेलबर्नजवळच्या बंडूराच्या मनोरुग्णालयातल्या एका रिकाम्या कोठीघरापाशी थांबत. केड यांची प्रयोगशाळा ती हीच.

उन्मादाच्या रुग्णांच्या शरीरात काही विषारी द्रव्य साठत असावं आणि लघवीतून बाहेर पडत असावं, हा त्यांचा तर्क. ती लघवी गिनी पिगच्या पोटात टोचली, प्राणी दगावले. मारक घटक युरिया निघाला. लघवीतल्याच युरिक ॲसिडमुळे त्याचा जोर वाढतो का, हे पाहायचं होतं. पण ते पाण्यात नीट विरघळेना. त्याचा लिथियमबरोबरचा क्षार, लिथियम युरेट, विरघळतो, म्हणून तो घेतला, तर विषाचा जोर उलट कमी झाला. मग नुसतं लिथियम कार्बोनेट टोचलं. साधारण दोन तासांनी प्राणी सुस्तावले. उताणे ठेवले तरी धडपडेनात. मूळ तर्क चुकीचा होता आणि ती सुस्ती कदाचित लिथियमच्या बाधेचीच असेल, हेही मंडपात स्पष्ट सांगितलं जाई. ते गाळलं की सगळा चमत्कार वाटतो. समोर दिसलं त्याचा माग केड यांनी सोडला नाही, हे त्यांचं मोठेपण.

आधी स्वतः घेऊन पाहिल्यावर मार्च १९४८मध्ये त्यांनी पाच वर्षं उन्मादात असलेल्या ५१ वर्षांच्या रुग्णाला लिथियम दिलं. जुलैत तो घरी गेला. १९४९च्या निबंधात उन्मादाचे असे दहा रुग्ण आहेत. पण त्या पहिल्या रुग्णाचा आजार औषध सोडल्यावर उलटला, ते पुन्हा सुरू करावं लागलं आणि १९५०मध्ये तो लिथियमच्याच विषबाधेनं गेला. रक्तातली पातळी मोजून मात्रा ठरवण्याची रीत तेव्हा नव्हती.

प्रश्न चिठ्ठ्यांवर घेत. सगळे एकमेकांच्या ओळखीचे. उभं राहून घरातल्या आजाराबद्दल कोण विचारणार? हस्ताक्षरही ओळखू येतं, म्हणून कार्यकर्ते चिठ्ठ्या एका वहीत उतरवून मगच वक्त्यांकडे देत.

हरतालिका नुकतीच झालेली असे, त्यामुळे उपासाचा प्रश्न ठरलेला. लिथियम घेणाऱ्यानं निर्जळी किंवा अळणी उपास धरू नये. शरीरातलं मीठ-पाणी घटलं की मूत्रपिंडं लिथियम बाहेर टाकण्याऐवजी धरून ठेवतात आणि पातळी चढते. जुलाब-उलट्या आणि मे महिन्यातला घाम यांनीही तेच होतं. सांधेदुखीसाठी परस्पर घेतलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकनंही. रक्तात साधारण ०.६ ते १.० मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर ठीक, १.५च्या वर धोका. हात खूप थरथरणं, तोल जाणं, जीभ जड होणं दिसलं तर पुढची गोळी न देता तातडीनं रुग्णालय गाठायचं.

तपासणीत चूक व्हायची ती वेळेची. शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं. रात्री नऊला गोळी घेतली, तर सकाळी नऊला. सकाळची गोळी आधी घेतली की आकडा उगाच जास्त येतो आणि मात्रा विनाकारण कमी केली जाते. बरं वाटतंय म्हणून गोळी एकदम बंद करायची का, हा प्रश्नही असायचाच. तेव्हा वक्ते त्या ५१ वर्षांच्या रुग्णाचा आजार औषध सोडल्यावर कसा उलटला ते पुन्हा सांगत आणि डॉक्टरांना विचारूनच हळूहळू कमी करा, असं बजावत.