५७ खोल्या

१२६ माणसं, तीन रात्री, ट्विन शेअरिंगच्या ६३ खोल्या, विमानाचं ग्रुप बुकिंग आणि विमानतळावरून पुढे तीन बस. ऑफसाइटच्या, म्हणजे कंपन्यांच्या माणसांना कार्यक्रमासाठी बाहेरगावी नेऊन आणायच्या आमच्या धंद्यात हा आकार मध्यम म्हणायचा. प्रवासाला १९ दिवस राहिले होते, रूमिंग लिस्ट, म्हणजे कोण कुणाबरोबर राहणार ती यादी, जवळपास पक्की झाली होती, आणि ग्राहक कंपनीच्या एचआर प्रमुखांचा फोन आला. १४ जणांना नारळ मिळणार होता. त्यांना ते प्रवासाच्या आठ दिवस आधी सांगणार, तोवर कुणाला सुगावा लागता कामा नये, आणि ऑफसाइट ठरल्या तारखेलाच होणार. "तुमच्याकडे फक्त आकडा बदलायचाय," असं ते म्हणाले.

१४ माणसं कमी म्हणजे सात खोल्या कमी, हा हिशोब अकाउंट्सवाले करतात. माणसं जोडीने गळत नाहीत. या १४ पैकी दोघंच एका खोलीत होते. बाकीचे १२ जण १२ वेगळ्या खोल्यांत. म्हणजे रिकामी होणारी खोली एक, आणि १२ खोल्यांत एकेक माणूस उरलेला: सात पुरुष, पाच स्त्रिया. त्यांच्या नव्याने जोड्या लावल्या की पुरुषांच्या चार खोल्या आणि स्त्रियांच्या तीन होतात, त्यातही दोघं एकेकटे राहतात. ६३ च्या झाल्या ५७.

आता हॉटेलचा करार. ६३ खोल्या तीन रात्री, म्हणजे १८९ रूम नाइट. ॲट्रिशनच्या, म्हणजे धरलेल्या खोल्या कमी करायच्या कलमाप्रमाणे त्यातल्या १० टक्के दंडाशिवाय सोडता येत होत्या. राहिल्या १७०.१. आपल्या ५७ खोल्यांच्या होतात १७१. काठावर पास. उरलेले दोघं एकेकटे एकाच खोलीत बसणारे असते तर ५६ खोल्या, १६८ रूम नाइट, आणि फरकाचे पैसे हॉटेलने वसूल केले असते. मेख तारखेत होती. ही सवलत प्रवासाच्या १४ दिवस आधीपर्यंत, तीही लेखी कळवलं तर. त्यानंतर सोडलेल्या प्रत्येक खोलीचे पूर्ण पैसे. थोडक्यात, कंपनी आपल्या माणसांना सांगणार त्याच्या निदान सहा दिवस आधी ते हॉटेलला कळणार होतं.

विमानाचंही तेच. ग्रुप बुकिंगमध्ये आधी जागा धरतात, नावं नंतर देतात. या बुकिंगला नावं द्यायची आणि पूर्ण पैसे भरायची मुदत १५ दिवस आधीची होती. ११२ नावं दिली, १४ जागांच्या डिपॉझिटवर पाणी सोडलं. पण पीएनआर हातात आला की कुणीही विमान कंपनीच्या साइटवर पीएनआर आणि आडनाव टाकून आपलं बुकिंग बघू शकतो, आणि १४ जणांना ते सापडलं नसतं. म्हणून तिकिटं सगळ्यांना एकाच वेळी, प्रवासाच्या पाच दिवस आधी मिळतील, असं सर्वांना कळवून टाकलं. सोबत एक ओळ घातली: तिकीट हातात येईपर्यंत या प्रवासासाठी स्वतःच्या खिशातून परत न मिळणारा खर्च करू नये. घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर अशा दिवसांसाठी लोक आगाऊ पैसे देऊन कुणाला तरी ठेवतात. पत्र १२६ जणांना गेलं, त्यामुळे त्यातून कुणाला काही वेगळं वाचता येत नव्हतं. एचआरला ती ओळ आवडली नाही. मी ती काढली नाही.

बसचा प्रश्न आला नाही. ४५ सीटच्या दोन बसमध्ये ११२ माणसं मावत नाहीत, तीन लागणारच.

तर याद्या दोन झाल्या. खरी ११२ ची, दाखवायची १२६ ची. दाखवायच्या यादीवर आहार, ॲलर्जी, टी-शर्टचं माप, आणीबाणीत कुणाला कळवायचं असा फॉर्म लावलेला होता, आणि तो न भरणाऱ्यांना आपोआप स्मरणपत्र जात होतं. १४ पैकी काहींनी फॉर्म भरलेला नव्हता. त्यांची नावं उडवली असती तर त्यांची स्मरणपत्रं थांबली असती, आणि ऑफिसात शेजारी शेजारी बसणारी माणसं असल्या गोष्टी चटकन ताडतात. म्हणून "आपली माहिती अद्याप मिळालेली नाही, कृपया आजच भरावी" हे पत्र त्यांना जात राहिलं. त्यांनी माहिती भरलीही. एकाने आपली ॲलर्जी किती तीव्र आहे, कोणतं औषध कायम जवळ असतं आणि ते बॅगेच्या कोणत्या कप्प्यात असतं, हे सगळं लिहिलं. इतका नीट भरलेला फॉर्म क्वचित मिळतो.

अशा प्रकरणात शेअर केलेली शीट वापरायची नाही. लपवलेला रकाना कुणीही उघडू शकतो आणि जुन्या आवृत्त्याही बघता येतात. खरी यादी वेगळ्या फाइलमध्ये, पासवर्ड लावून ठेवायची आणि हॉटेलला पाठवताना पाहुण्यांचे ईमेल पत्ते काढून टाकायचे. बऱ्याच हॉटेलांची यंत्रणा पत्ता मिळाला की "आम्ही आपली वाट पाहत आहोत" असं पत्र परस्पर धाडते. ते ११२ जणांना गेलं आणि १४ जणांना नाही गेलं, की संपलं.

हा सगळा बंदोबस्त ठीक होता. फक्त दाखवायची यादी जिच्या हातात होती, त्या कंपनीच्या समन्वयकाचंच नाव १४ मध्ये होतं.

ग्राहकाकडचा समन्वयक कसा आहे यावर आमचं निम्मं काम ठरतं. बहुतेक ठिकाणी हे काम कुणाच्या तरी गळ्यात मारलेलं असतं, आणि तो माणूस साहेबांचा प्रत्येक बदल तसाच पुढे ढकलतो. ही तशी नव्हती. हॉटेलच्या भाषेत 'डबल' म्हटलं की काही ठिकाणी एकच मोठा पलंग मिळतो आणि रात्री अकराला रिसेप्शनवर भांडण उभं राहतं. 'दोन स्वतंत्र पलंग' हे शब्द तिने मी सुचवायच्या आधी करारात घालून घेतले होते. खोल्यांच्या जोड्या लावताना तिने लोकांना आवडता जोडीदार विचारला नाही. त्याने रुसवेफुगवेच होतात, कारण ज्याला कुणीच निवडत नाही त्याचं काय करायचं? तिने 'चालेल' म्हणून दोन नावं आणि 'नको' म्हणून एक नाव मागितलं. 'नको'चा रकाना तिच्याशिवाय कुणाला दिसत नव्हता, मलाही नाही. त्यावरून तिने ६३ जोड्या बसवल्या आणि एकही तक्रार आली नाही. ज्यांनी हे काम केलंय त्यांनाच याचं मोल कळेल.

तिने बसवलेल्या त्या १२ खोल्या आता तिच्या पाठीमागे मोडून मला त्यांच्या सात लावायच्या होत्या, आणि 'नको'चा रकाना मागायची सोय नव्हती. अंदाजाने लावल्या.

हॉटेलला मुदतीच्या आत लेखी कळवलं. पत्त्यात फक्त एचआर प्रमुख. समन्वयकाला यापुढे काहीही पाठवू नका, बिलाचा संपर्क बदला, अकाउंट्सलाही कळवा, हे पत्रात ठळक अक्षरांत लिहिलं आणि फोनवर रिझर्वेशनच्या माणसाकडून वदवून घेतलं. त्याने त्याचं उत्तर बरोबर पत्त्यावर पाठवलं. सुधारित प्रोफॉर्मा, म्हणजे आगाऊ पाठवतात ते कच्चं बिल मात्र अकाउंट्सच्या सिस्टिममधून निघालं आणि मास्टर बिलाच्या खात्यावर अजून जुनाच, समन्वयकाचा पत्ता होता. हॉटेलांत विक्री, रिझर्वेशन, बँक्वेट आणि अकाउंट्स ही स्वतंत्र संस्थानं असतात. एकाने मान डोलावली म्हणून दुसऱ्याला कळलेलं नसतं.

अर्ध्या तासात तिचा फोन. "अहो, प्रोफॉर्मामध्ये सत्तावन्न खोल्या दिसतायत. सहा कुठे गेल्या? मी हॉटेलला फोन लावू का?"

त्या वेळी देण्यासारखी उत्तरं फार नव्हती. हॉटेलची चूक आहे म्हणावं, तर ती हॉटेलला धारेवर धरून ६३ पुन्हा करून घेणार. खरं सांगावं, तर माणसाला नोकरी गेल्याची बातमी टूरवालीच्या तोंडून मिळणार. मी म्हटलं, "हॉटेलला फोन नका करू. आकडा बरोबर आहे. त्याबद्दल मला बोलता येणार नाही, एचआर प्रमुखांना विचारा."

ती गप्प राहिली. मग म्हणाली, "तीन रात्रींचे एकशे एक्काहत्तर. म्हणजे दंड नाही बसत."

"नाही बसत."

"बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

तिने एचआरला विचारलं की नाही, मला आजही माहीत नाही. विचारायची फारशी गरजही नव्हती. खोल्यांचा आकडा तिला न सांगता बदलला होता, आणि त्या कंपनीत खोल्यांचं तिला न सांगता काही होत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची एक फाइल आली. आत 'नको'चा पूर्ण रकाना, १२६ नावांसमोर. वर एवढंच: "जोड्या लावताना लागेल." मी ताडून पाहिलं. अंदाजाने लावलेल्या खोल्यांपैकी दोन ठिकाणी अशी माणसं एकत्र आली होती, ज्यांना कुठल्याही परिस्थितीत एकत्र ठेवायचं नव्हतं. त्या दोन्ही जोड्या बदलल्या. तिच्या पत्राला "मिळालं, आभार" असं उत्तर दिलं. याहून जास्त काय लिहायचं ते सुचलं नाही, आणि अजूनही सुचलेलं नाही.

पुढचा आठवडाभर ती रोजच्यासारखी काम करत होती. बसच्या याद्या, प्रत्येक बसचा प्रमुख, कुणाला प्रवासात मळमळतं म्हणून पुढची सीट द्यायची, सभागृहात कुणाला पायऱ्या चढता येत नाहीत, सगळं. प्रत्येक फाइल अशी लिहिलेली की तिसऱ्या माणसाने उचलली तरी काम चालावं. आठव्या दिवशी दुपारी तिच्या पत्त्यावरून आपोआप येणारं उत्तर आलं: ही व्यक्ती आता आमच्याकडे कार्यरत नाही.

ऑफसाइट झाली. ती पुढे ढकलली असती तर हॉटेलचे जवळजवळ सगळे पैसे गेले असते, हे कंपनीचं म्हणणं खरं होतं. पण आठ दिवसांपूर्वी १४ सहकारी गेलेली माणसं 'संघभावना' करायला येणार आहेत, याचं भान कार्यक्रमपत्रिकेत कुठेच नव्हतं. सभागृहात आठ-आठ खुर्च्यांची १६ गोल टेबलं ठरली होती, ती १४ केली. १४ गुणिले आठ, बरोबर ११२. बँक्वेटचे लोक सवयीने चार-पाच खुर्च्या जास्त मांडतात, त्यांना एकही जादा खुर्ची नको म्हणून बजावलं. छापून आलेले १४ बॅज आणि टी-शर्ट खोकी रवाना व्हायच्या आधी बाजूला काढले. डोळे मिटून मागे पडायचं आणि सहकाऱ्यांनी झेलायचं, हा विश्वासाचा खेळ वाद घालून रद्द करवला. पहिल्या संध्याकाळचे खेळही काढले आणि ते दोन तास मोकळे ठेवले. ग्राहकाला वाटलं लोक खोल्यांत जाऊन झोपतील. लोक अंधार पडेपर्यंत हिरवळीवर घोळक्यांनी बोलत बसले होते. तीन दिवसांत कार्यक्रम म्हणून जे काही उपयोगी झालं, ते मला विचाराल तर ते दोन तास.

परत आल्यावर १४ जणांचे फॉर्म खोडले. औषधं, ॲलर्जी, घरच्यांचे फोन नंबर. हे करा असं कंपनीने सांगितलं नाही. कुणीच सांगत नाही. अशा याद्या टूरवाल्यांच्या लॅपटॉपवर वर्षानुवर्षं पडून असतात.

मग त्या फोनवरच्या माझ्या उत्तराबद्दल एचआरची तक्रार आली. 'बोलता येणार नाही' हे म्हणणंच सूचक होतं, 'तपासून कळवते' एवढं पुरेसं होतं. त्यावर मी लिहिलं की तपासून कळवते म्हटल्यावर ती स्वतः तपासणारी बाई होती, तिने हॉटेलला फोन केलाच असता आणि हॉटेलने तुमच्या नावानिशी पत्र वाचून दाखवलं असतं. हे कारण खरं आहे. पण फोन कानाला असताना तेच डोक्यात होतं की ते नंतर सुचलं, ते आता छातीठोकपणे सांगता येत नाही. तिच्याशी खोटं बोलवेना, एवढंही असू शकेल.

त्याच कंपनीने पुढच्या ऑफसाइटसाठी विचारणा केली आहे. करारात आता तीन कलमं नवी घातली आहेत. हॉटेलच्या सगळ्या विभागांना एकच सामाईक ईमेल पत्ता द्यायचा, कुणा व्यक्तीचा नाही. ग्राहकाकडून दोन संपर्क हवेत आणि संख्या कमी करायचं पत्र दोघांच्या सहीने यावं. तिसरं कलम असं की नोकरकपातीमुळे नावं कमी होणार असतील, तर हॉटेल आणि विमान कंपनीच्या मुदती संपण्याआधी त्या माणसांना कळवलेलं असावं. पहिली दोन मान्य होऊन आली. तिसऱ्यावर लाल रेघ मारून शेजारी लिहिलं होतं, "आपल्या कार्यकक्षेत येत नाही." मी ते पुन्हा घालून मसुदा परत पाठवला आहे. सही अजून झालेली नाही, आणि हॉटेलने धरून ठेवलेल्या खोल्यांची मुदत येत्या शुक्रवारी संपते.