भेटीसाठी विणलेली कानटोपी

निफाडचा पारा एक आकडी झाला की नाशिकमध्येही पहाटे गोदाकाठी फिरायला जाणाऱ्यांच्या डोक्यावर कानटोप्या दिसू लागतात. म्हणून भेटीचे विणकाम दिवाळीच्या सुमारासच सुईवर चढलेले असावे, असे मला वाटते. मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर साधारण ५६ सेंटीमीटर असेल, तर टोपी ५० सेंटीमीटरच्या आसपासच विणावी, कारण काठाला २ सुलट, २ उलट अशी वीण घातली की ती हवी तेवढी ताणली जाते आणि कपाळावर नीट बसते. टाके बंद करताना मात्र हात सैल ठेवावा, नाहीतर काठ कपाळाला काचतो. मफलरला मापाची चिंता नसते. दुचाकीवरून अंबडला कामावर जाणाऱ्या माझ्या भावासाठी मी गोल गळपट्टाच विणते, कारण मफलरची मोकळी टोके वाऱ्यावर उडतात आणि चाकात अडकण्याची भीती असते. लोकर निवडताना घेणाऱ्याच्या घरातील धुण्याची पद्धत पाहावी: शुद्ध लोकर गरम पाण्यात घुसळली गेली की आटते, त्यामुळे आजीसाठी मी मऊ अ‍ॅक्रिलिक, म्हणजे न आटणारा कृत्रिम धागा, घेते आणि मेरिनो मेंढीची शुद्ध लोकर कपडे जपून हाताने धुणाऱ्या मावशीसाठी राखून ठेवते.